बोर्डावरचे मारुतीअण्णा

तुमचा हसरा चेहरा कुणी बारच्या बोर्डावर लावला आणि पुढे तुम्ही दारू सोडलीत, तर दाद कुणाकडे मागाल?

मारुतीअण्णा माझ्याकडे आले होते.

हुमनाबादला ते लॉऱ्यांवर ताडपत्री बांधत. दोर आवळून झाला की गाठीवर थाप मारायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "जा आता बिनघोर. हैद्राबादपस्तोर थेंब आत गेला तर मपलं नाव बदल." मग मान मागे टाकून हसायचे. पुढचा एक दात नव्हता, आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती.

आम्ही चौघं कलबुर्गीच्या कॉलेजात डिझाइन शिकत होतो. शेवटच्या वर्षी एखाद्या खऱ्या दुकानासाठी काम करायचं होतं: बोर्ड, मेनूकार्ड, ग्लासाखालच्या चकत्या, वेटरांचे टी-शर्ट. आम्हाला हुमनाबादच्या हमरस्त्यावरचा बार मिळाला. माझे वडील जन्मभर दारूबंदीची पत्रकं वाटत फिरले. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. तरी मी त्या बारवर गेले. अभ्यासच तर आहे, असं स्वतःला सांगितलं.

भर दुपारी अण्णा बारच्या पायरीवर ग्लास घेऊन बसले होते. फोटो काढू का, विचारलं.

"काढ की अक्का. पर दात न्हाई ते बी येऊ दे. न्हाईतर पोरगी म्हनंल, ह्यो कुणा दुसऱ्याचाच बाप हाय."

त्या फोटोवरून आमच्यातल्या एकाने चित्र काढलं. त्याखाली ओळ मी लिहिली: 'दिवसभराचं ओझं इथं उतरवा.' संमतीचा कागदही मीच लिहिला. अण्णांनी तो न वाचताच, एकेक अक्षर कोरत सही केली आणि दोन दिवस ओळखीच्या सगळ्यांना सांगत फिरले. त्यांच्या घरी विचारावं, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. मातीतलं काम म्हणून सरांनी पाठ थोपटली आणि मालकाने तो बोर्ड बारवर चढवला.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला मुलीच्या, सुजाताच्या, शब्दाखातर अण्णांनी विहारात उभं राहून पंचशील घेतलं आणि दारू खरोखर सोडली. पण दर रविवारी वंदनेत पाचवं शील, मद्य न पिण्याचं, म्हणायची वेळ आली की मागची पोरं खुसखुसायची. बाहेर कुणीतरी हाक मारायचं, "काय बारवाले?" अण्णांचा आवाज पाचव्या शीलाशी अडखळू लागला.

मग एके सकाळी बसने ते कलबुर्गीला माझ्या खोलीवर आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "अक्का, मी सोडलोय. मपलं त्वांड अजून तिथंच बसलंय. तेवढं उतरव."

आम्ही दोघं मालकाकडे गेलो. त्याने चहा पाजला आणि कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "अक्षर तुमचंच हाय न्हवं, बाई? ह्या त्वांडाला बघून लोक गाडी थांबवायलेत. कामून उतरवू?"

मी खूप बोलले. न्याय, माणसाची इज्जत, सगळं काढलं. त्याने कागदाची घडी घातली. बाहेर आल्यावर अण्णांनीच माझी समजूत घातली. "जाऊ दे. सही मपलीच हाय. तू कामून रडायलीस?"

विहारात ते पुन्हा गेले नाहीत. दारूला मात्र शिवले नाहीत. पहाटे घरीच, भिंतीकडे तोंड करून, पाचही शीलं म्हणत, असं सुजाता सांगते. यकृत मात्र आधीच गेलं होतं. दीड वर्षात अण्णा वारले.

जलदानविधीला मांडायला घरात आधारकार्डावरचा तेवढा फोटो होता. मी माझ्याकडचा मूळ फोटो हातातला ग्लास कापून, मोठा करून नेला. सुजाताने तो बराच वेळ धरला. दाताच्या फटीवरून बोट फिरवलं.

"अप्पा असेच हसायचे," ती म्हणाली. "पर अक्का, ह्यो लावला तर येणारे अप्पांना न्हाई, बारला बघतील."

तिने ओठ मिटलेला, ओळखू न येणारा आधारकार्डाचा फोटो मांडला आणि त्याला हार घातला. माझा फोटो पदराखाली घेऊन आत गेली.

बोर्ड अजून तिथेच आहे. मालकाला मी तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्याला माझी गरज नाही, तुमची आहे. तुम्ही गिऱ्हाईक आहात. हुमनाबादवरून जाताना बारच्या बोर्डावर हसणारा माणूस दिसला, तर गाडी थांबवा. काही घेऊ नका. गल्ल्यापाशी जाऊन मालकाला एवढंच सांगा: ह्यांचं नाव मारुती. ह्यांनी दारू सोडली होती. ह्यांना घरी जाऊ द्या.