सोलापूरचं स्थळ

माणसांना तुच्छ लेखायची सवय नंदाला कधी नव्हती. ती साठीनंतर लागली, आणि लावली तिच्या सख्ख्या भावाने.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ती कामाला लागली, तेव्हा मुलगा प्रज्ञेश बालवाडीत होता. काडतुसं तपासता तपासता नोकरी संपली, बोपोडीत दोन खोल्या झाल्या, पोरगा फिजिओथेरपिस्ट झाला. थोरला भाऊ सुखदेव सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाला आणि वस्तीतल्या विहाराचा अध्यक्ष झाला. बुद्धपौर्णिमेला तो समतेवर पाऊण तास बोलायचा. नंदा पहिल्या रांगेत बसून ऐकायची. दादाचा तिला अभिमान होता.

प्रज्ञेश दर रविवारी विहारात मुलांना शिष्यवृत्तीचं गणित शिकवायचा. आपण ज्याच्याबरोबर राहतो तो इंद्रजीत नुसता खोलीचा वाटेकरी नाही, हे त्याने आईला आधीच सांगून टाकलं होतं. ते ऐकून नंदाची भाजी करपली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घेऊन ये त्याला जेवायला." इंद्रजीत बरा निघाला. जेवून झालं की आपलं ताट आपण घासायचा. हे तिच्या नवऱ्याला आयुष्यभर जमलं नव्हतं.

मग कुणीतरी त्या दोघांचा वाढदिवसाचा फोटो विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एकमेकांना केक भरवतानाचा. दुसऱ्याच दिवशी सुखदेव बहिणीच्या दारात हजर. सोबत त्याचा मुलगा सौरभ, हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या पगारावर असलेला.

"प्रज्ञेशला सांग, रविवारचा वर्ग बंद कर," पाणी पिऊन झाल्यावर सुखदेव म्हणाला. "पालक विचारतायत. लहान मुलं आहेत."

"काय विचारतायत?"

"तुला कळतंय, नंदा."

"नाही कळत. तू समतेवर एवढं बोलतोस, त्यात बसतंय का बघ ना."

"समता वेगळी आणि ही थेरं वेगळी."

सौरभ पुढे सरकला. "आत्या, मला पर्सनली काहीच इश्यू नाही हां. आमच्या टीममध्ये पण एक जण आहे. वी आर टोटली कूल. जूनमध्ये आम्ही सगळे प्राइडचे ते रंगीत बॅज पण लावतो. पण वस्तीत लोकांचं बघावं लागतं ना."

नंदाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. म्हातारा निदान जे पोटात होतं ते ओकत होता. हा शिकलेला पोरगा तेच इंग्रजीच्या कागदात गुंडाळून देत होता, वर बॅज लावून. दोघांत जास्त किळस कुणाची करावी, ते तिला ठरवता येईना. शेवटी पोराची जास्त केली. बापाला निदान दुसरं काही ऐकायला मिळालं नव्हतं.

"हे बघ," सुखदेवने आवाज मऊ केला, "मी भांडायला नाही आलो. उपाय घेऊन आलोय. सोलापूरला एक स्थळ आहे. बाप रिक्षा चालवतो. मुलगी गरीब, सालस. तोंडातून शब्द काढणार नाही. लग्न झालं की ही खुळं आपोआप जातात."

"तिला सांगणार आधी?"

"सांगायचं काय त्यात?"

नंदा शांतपणे म्हणाली, "एवढ्या लांब कशाला जायचं दादा? मामाची मुलगी हक्काची असते. आपली पूर्वा आहे की घरात. तिलाही तुम्ही स्थळं बघताच आहात. द्या प्रज्ञेशला."

सौरभने मोबाइल काढला. सुखदेवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तोंड सांभाळून बोल. माझ्या पोरीचं आयुष्य मातीत घालू?"

"मग सोलापूरची काय उकिरड्यावर सापडलीय?"

त्याने चपला घातल्या. "विहारात पाय ठेवायचा नाही त्याने," एवढंच म्हणाला. नंदा दारापर्यंतसुद्धा गेली नाही.

संध्याकाळी प्रज्ञेशला सगळं कळलं. "मामा आहे गं आई. कशाला तोडलंस?" तो म्हणाला. त्याचा चांगुलपणा बघून तिला रागच आला.

"मी नाही तोडलं. मी फक्त त्याची पोर मागितली."

रविवारचा वर्ग सुखदेवने सौरभवर सोपवला. तो एकदा आला, स्लाइड्स दाखवून गेला आणि परत फिरकला नाही. परीक्षा जवळ आल्या तसा पालकांचा संस्कृतीचा ज्वर उतरू लागला. प्रज्ञेश आता आईच्याच घरी शिकवतो. मुलं येतात, काही गाजावाजा न करता.

परवा मथुराबाई नातवाला घेऊन आल्या. याच बाईंनी ग्रुपवर सगळ्यात आधी 'छी' लिहिलं होतं. पदर डोक्यावरून ओढून, दारातच कुजबुजत म्हणाल्या, "जय भीम, ताई. याची अपूर्णांकांत फार अडचण होते. आणि दादांना कळू देऊ नका हं."

"मी कशाला सांगू? तुम्ही काही चोरी करत नाही," नंदा म्हणाली. "की करताय?"

आतून प्रज्ञेशने पोराला हाक मारली, तसं ते वही सावरत पळालं. नंदाने खुर्ची पुढे केली, बाई बसल्या. तासभर बसून होत्या. नंदाने चहा विचारला नाही.