पलटणीतली धुणेवाली

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं करणाऱ्या सुदाम गांगुर्ड्यांची पोरगी संध्या अमेरिकेतल्या यादवी युद्धावर पीएच.डी. करून डॉक्टर होईल, असं क्वार्टर्समध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सुदामरावांना मात्र त्याची भारी मौज वाटायची. "मी काडतूस करतो, तू ते कुणाला लागलं ते शोध," असं म्हणून ते स्वतःच खो खो हसत. संध्याला त्या युद्धातल्या सेनापतींचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला वेड होतं गुलामीतून सुटून फौजेत भरती झालेल्या काळ्या सैनिकांचं, आणि त्याहून जास्त, त्यांच्या पलटणींमागे छावण्यांत राहून कपडे धुणाऱ्या त्यांच्या बायकांचं. नवरे मेल्यावर या बायकांनी पेन्शनसाठी अर्ज केले आणि सहीच्या जागी फुली मारली. त्या अर्जांच्या नादात संध्याचं आयुष्य गेलं.

नोकरी उल्हासनगरच्या एका कॉलेजात. निम्मी मुलं जीन्सच्या कारखान्यातून नाहीतर बापाच्या दुकानातून उठून वर्गात यायची. "मॅडम, ये अमेरिकावाला झगडा एक्झाम में आएगा क्या?" एवढाच त्यांचा इतिहासाला प्रश्न. फेलोशिपवर एकदा वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन तिनं त्या अर्जांच्या झेरॉक्सची बॅग भरून आणली, आणि मग पुस्तक लिहायचं राहिलं ते राहिलंच. पेपर तपासणी, प्रवेश समिती, सुदामरावांचा अर्धांगवायू. लग्न केलं नव्हतं, म्हणून घरातलं प्रत्येक आजारपण हक्कानं तिच्या वाट्याला आलं. शिवाय स्वभाव असा चिकट, की अजून एक फाइल बघितल्याशिवाय लिहायला बसवेना.

पण पुस्तक बोलून मात्र झालं होतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, क्वार्टर्सजवळच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि ते संपलं की कुणीतरी चार शब्द बोले. संध्या बोलायला उभी राहिली की बायका पुढे सरकत. छावण्या, चिखल, साबण, मेलेले नवरे, सगळं तिनं वर्षानुवर्षं मराठीत तिथं सांगितलं. आपल्याच माणसांत बोललेलं चोरीला जातं, हे तिच्या मनातही आलं नाही. भावाची, मिलिंदची मुलगी उन्नती पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करायची. आत्याला त्याचा कोण अभिमान! पोरीला तिनं याच विषयाला लावलं, झेरॉक्सचं कपाट तिच्या हवाली केलं आणि परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्रंसुद्धा मिळवून दिली.

पुढे संध्या रिटायर झाली आणि एक दिवस सोनिवलीला राहणाऱ्या मिलिंदचा फोन आला. "ताई, पोरीचं पुस्तक आलं. लंडनला छापलंय!"

संध्यानं ते मागवलं. पहिलंच पान तिनं परत परत वाचलं. वाक्यं तिचीच होती, फक्त इंग्रजीत. क्रम तिचा, दाखले तिचे, विहारात जिथं ती थांबायची तिथंच परिच्छेद संपत होता. आभारात 'कुटुंबीय' एवढा एक शब्द. मुळापासून फसवलं गेल्यावर माणसाला आधी राग येत नाही, लाज वाटते. तिलाही आपल्याच भाबडेपणाची लाज वाटली. मग ती तडक सोनिवलीला गेली.

मिलिंदनं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "अगं, वर गांगुर्डेच छापलंय ना? घरातच राहिलं. तू तर लिहीतच नव्हतीस."

"त्यात माझं नावसुद्धा नाही. लिहीत नव्हते म्हणून काय कुणी पण घ्यायचं?"

"कुणी पण? तुझी भाची आहे ती, ताई. आता तमाशा नको करूस. आपल्याला नावं ठेवायला लोक टपलेलेच असतात."

लोक टपलेले असतात हे खरंच होतं, आणि त्याच भीतीनं ती कुणाला काही न बोलता परत आली.

काही महिन्यांनी, परदेशातल्याच विद्यापीठात नोकरीला लागलेल्या उन्नतीचाच फोन आला. आवाज गोड, पण घाबरलेला. "आत्या, पहिल्या प्रकरणातल्या गाठोड्याची फाइल कुठली गं? एक प्रोफेसर फाइलचा नंबर मागतोय."

गाठोड्याची गोष्ट अशी होती. नवरा मेल्यावर एका धुणेवालीनं त्याचा रक्ताळलेला डगला पलटणीतल्या गोऱ्या साहेबाच्या मळक्या कपड्यांवर ठेवला आणि गाठोडं न धुताच परत पाठवलं. उन्नतीनं पुस्तकाची सुरुवात त्याच प्रसंगानं केली होती.

संध्या म्हणाली, "फाइल नाही. ते घडलंच नाही."

"म्हणजे?"

"अर्जात फक्त नवरा मेल्याचं आहे. विहारात ऐकायला येणाऱ्या वेणूबाईंनी विचारलं, 'मग ती बया गपच बसली का गं?' त्यांचं तोंड बघवेना मला. म्हणून रचलं. नंतर बायका दरवर्षी मागायला लागल्या. मी ते कधी लिहिलं नसतं, उन्नती. बोलण्यात आणि लिहिण्यात फरक असतो, हेच तर तुला शिकवत होते."

मग उन्नती रडवेली होऊन म्हणाली, "आत्या प्लीज, तू एक मेल कर ना. कागद तुझ्याकडे होता, हरवला, एवढंच लिही. माझी नोकरी जाईल गं."

या पोरीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तरी तिच्या तोंडून 'हो' निघालं नाही. "माझं सगळं घेतलंस, ते घेतलंस. खोटा पुरावा मी देणार नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि ती मनसोक्त रडली. मिलिंद दोनदा येऊन हात जोडून गेला. ती बधली नाही.

उन्नतीची नोकरी गेली नाही. प्रकाशकानं वेबसाइटवर एक दुरुस्ती टाकली, नव्या आवृत्तीतही ती छापली. गाठोड्याचा प्रसंग मागे घेतला आहे, असं त्यात म्हटलं होतं. लेखिकेच्या आत्या, भारतातील निवृत्त शिक्षिका संध्या गांगुर्डे यांनी तो खरा म्हणून सांगितला होता आणि लेखिकेनं घरच्या माणसावर विश्वास ठेवला, असंही लिहिलं होतं.

संध्यानं ते दोनदा वाचलं. बाकीच्या सबंध पुस्तकात तिचं नाव कुठंही नव्हतं.

ती लिंक तिला मिलिंदनंच पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "नाव नाही, नाव नाही म्हणत होतीस ना, ताई? घे, आलं."