दुधातली ऊब छावणीच्या हौदात

नेकनूरच्या वत्सला निसर्गंधने बीडच्या आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. वडील एसटीत मेकॅनिक. पोरगी पान्याला हात लावते याचं त्यांना नवल नव्हतं. पाना पुसून जागेवर ठेवत नाही, याचा मात्र राग यायचा. पुढे पुण्यात शीतगृहांच्या कामावर काही वर्षं काढून, लग्न होऊन ती वडवणीकडे आली आणि रस्त्याकडेच्या दूध संघात प्लांट ऑपरेटर म्हणून लागली.

ती लागली, तिचं आडनाव कळलं आणि काही घरांनी संघाला दूध घालणं बंद केलं. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. वत्सलाबाईंनी विचारलं नाही. उन्हाळ्यात आजूबाजूच्या डेअऱ्यांचं दूध नासून परत येऊ लागलं आणि या संघाचा एकही कॅन परत आला नाही, तेव्हा ती घरं आपल्या पायांनी आली. "या," एवढंच त्या म्हणाल्या आणि कॅनचं झाकण उघडून दुधाचा वास घेतला.

पुढे संघाने नवं यंत्र घेतलं, हीट पंप. दुधातली ऊब ओढून घ्यायची आणि पाण्यात सोडायची, एवढंच त्याचं काम. एका अंगाला दूध गार, दुसऱ्या अंगाला टाकीत कढत पाणी. त्या पाण्यानं कॅन धुवायचे. चुलाण्याचा धूर गेला. चेअरमन राधाकिशन आबा पाहुण्यांना मुद्दाम तिकडे नेत आणि टाकीच्या नळाखाली हात धुवायला लावत.

मग लागोपाठ पाऊस हुकला. विहिरींचे तळ दिसू लागले, संघाच्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. पाणी टँकरचं. संघाच्या भिंतीला लागून जनावरांची छावणी पडली. दूध घटलं, पण होतं. छावणीतल्या गाई-म्हशींचंच बरंचसं यायचं. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात यंत्र बंद पडायला लागलं.

संध्याकाळचं दूध आलं की यंत्र सुरू होई आणि गेजचा काटा वर सरकू लागे. कंप्रेसर गॅस दाबून पुढं ढकलतो, तिथला हा दाब. हेड प्रेशर म्हणतात त्याला. तो खुणेच्या पलीकडे गेला की यंत्र आपला जीव वाचवायला थांबतं. थांबलं की दूध तसंच कोमट राहतं, आणि बीडच्या उन्हाळ्यात कोमट दूध म्हणजे नासलेलं दूध.

"क्षार," वत्सलाबाईंनी उभ्याउभ्या निकाल दिला. टँकरचं पाणी जड. चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर बसे. त्यांनी टाकी रिकामी केली, गॅसची ऊब पाण्याला देणारा कंडेन्सर उघडला. थर होताच. ॲसिड फिरवून साफ केला, टाकीत ताजं पाणी भरलं, यंत्र लावलं. काटा जागेवर आला. आबांनी समाधानाने मान हलवली.

दोन-तीन दिवसांत काटा पुन्हा वर.

वत्सलाबाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी औरंगाबादला यंत्राच्या कंपनीतल्या मोमीन साहेबांना फोन लावला.

"गॅस जादा तर नाही ना गेला?" साहेबांनी विचारलं.

"वजन करून भरलाय. मीच."

"सिस्टिममध्ये हवा?"

"पाण्याची बाजू उघडली होती साहेब, गॅसची नाही. हवा शिरल कुठून?"

"पाणी नीट फिरतंय?"

"फिरतंय. पंप बघितला, जाळी धुतली."

साहेब म्हणाले, "मग साफ केल्यावर ते दोन दिवस कशानं चाललं, एवढं शोधा. तिथंच काहीतरी आहे. परवा मी येतोच."

फोन ठेवून त्या कॅन धुण्याच्या ओट्याकडे गेल्या. कॅन धुणाऱ्या पारूबाई पदराने हात पुशीत बसल्या होत्या. तळवे लाल झाले होते.

"काय झालं, मावशी?"

"पाणी लई कढत येतंय, बाई. हात घालवत न्हाई."

"थंड मिसळा की."

"थंड कुठून आणू? आबांनी पाणी तोडून दिलंय. आता बादलीभरच घ्यायचं आन् त्यातच समदे कॅन. पयले कसं, टाकी रिकामी हुईस्तोर धूत हुतो आमी."

वत्सलाबाई तिथून तडक टाकीपाशी गेल्या. टाकीचा थर्मामीटर कधीचाच बंद होता. कधी गरजच पडली नव्हती. टाकीतून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर त्यांनी तळहात ठेवला आणि चटकन उचलला. यायची नळी गरम असते, जायची गार असायला हवी. इथं दोन्ही सारख्याच भाजत होत्या.

त्या जागच्या जागी हसल्या. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. आधी पारूबाई टाकी उपसत, तेवढंच थंड पाणी आत येई आणि दुधातली ऊब घेऊन जाई. आता पाणी वाचवायचं म्हणून कुणी उपसत नव्हतं. तेच पाणी तापून पुन्हा तापायला येत होतं. ऊब टाकायला जागाच उरली नव्हती, म्हणून दाब चढत होता. ॲसिडने नव्हे, ताज्या पाण्याने ते दिवस काढले होते.

आबा ऐकून म्हणाले, "म्हंजे पाणी सोडून द्यायचं? लोक हंडे घेऊन टँकरमागं पळतात, बाई. मला जोड्यानं हाणतील."

"थेंब सोडायचा नाही, आबा. ऊब सोडायचीय फक्त. भिंतीपलीकडे छावणीचा हौद आहे. रोज भरतो, रोज जनावरं पिऊन रिकामा करतात. आपलं पाणी नळीतून त्या हौदात फिरवून आणायचं. मिसळणार नाही. जुन्या बर्फाच्या टाकीतली नळ्यांची जाळी गोदामात पडून आहे, ती वापरू."

आबांनी हो म्हटलं. छावणी चालवणारे सर्जेराव मात्र भिंतीवरूनच ओरडले, "आमची जनावरं काय चहा पिणार हायत का? उकळतं पाणी पाजता व्हय?"

"हौद केवढा, आमचं दूध केवढं," वत्सलाबाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही स्वतः हात घालून बघा. गरम लागलं तर मीच जाळी उपसून काढते."

जाळी घासून, आतून सोड्याने धुऊन, दाब देऊन गळती तपासली. गावच्या वेल्डरने भिंतीतून नळ्या काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं दूध आलं, यंत्र चाललं, आणि वत्सलाबाई गेजसमोर उभ्या न राहता छावणीत गेल्या. सर्जेराव कोपरापर्यंत हात हौदात घालून उभे होते. आजूबाजूला माणसं जमली होती.

"बोला, पाटील."

"जरा कोमट हाय," सर्जेराव म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढं म्हणाले, "पर ते उन्हानंबी असतंच."

शेजारी एक म्हैस तोंड बुडवून पीतच होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

परत येऊन वत्सलाबाईंनी काटा बघितला. खुणेच्या बराच खाली होता. दूध गार झाल्यावर यंत्र आपणहून थांबलं, रुसून नव्हे, काम संपल्यावर.

ठरल्याप्रमाणे मोमीन साहेब आले. नळ्या बघून त्यांनी एक चूक दाखवली: जाळीतून सतत पाणी फिरलं तर टाकी गारच राहील आणि पारूबाईंना कॅन धुवायला ऊन पाणी मिळणार नाही. तापमान बघून उघडणारा व्हॉल्व्ह त्यांनी सोबत आणलेल्या पेटीतून काढला. दोघांनी मिळून तो बसवला आणि बंद थर्मामीटरही बदलला. जेवताना साहेब म्हणाले, "मी असतो तर पंखा लावून ऊब हवेत उडवली असती."

"त्याला जादा वीज लागते. आमची तर यंत्रालाच जेमतेम पुरते," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पाऊस झाला, छावणी उठली, दूध वाढलं आणि पारूबाई पुन्हा टाकी उपसून कॅन धुऊ लागल्या. जाळीची गरज राहिली नाही. वत्सलाबाईंनी ती ग्रीस लावून गोदामात ठेवली. पुढच्या वर्षी गेवराईकडच्या एका संघाने त्यांना बोलावलं, तिथंही काटा चढत होता. त्या एसटीने गेल्या. प्लांटमध्ये शिरताच तिथला ऑपरेटर क्षार, गॅस, हवा असं सगळं सांगू लागला. वत्सलाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"ते बघू नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मला तुमचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते चालत दाखवा."