शिट्टीसरांच्या पोटात दुखलं

शाळेत त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नसे. मुलं पाठीमागं ‘शिट्टीसर’ म्हणत, आणि चोवीस वर्षांत ते नाव इतकं रुळलं होतं की नवे पालकही ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारत, “शिट्टीसर कुठं भेटतील?” सरांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे. त्यांनी एक लांब शिट्टी दिली की मैदानावरची चारशे पोरं जागच्या जागी थांबायची. गणिताच्या बाईंना चाळीस पोरं आवरत नव्हती.

यंदा शाळेनं खेळासाठी आणखी एक शिक्षिका घेतली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी. गळ्यात शिट्टी नाही, हातात टॅब. पहिल्याच आठवड्यात तिनं लांब उडीच्या वाळूशेजारी तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर टॅब बसवला आणि मुलांना म्हणाली, “उडी मारा, मग इकडे या आणि कुठं चुकलं ते स्वतःच बघा.”

झालं. पोरं त्या टॅबला जी चिकटली ती सुटेनात. स्वतःचीच उडी संथ गतीनं बघायची, हसायचं, पुन्हा रांगेत पळायचं. सर पलीकडे मोजपट्टी घेऊन उभे होते. त्यांच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही.

“आम्ही चुका डोळ्यांनी बघायचो,” मधल्या सुट्टीत ते चित्रकलेच्या सरांना म्हणाले.

“तुम्ही बघायचात हो,” चित्रकलेचे सर डबा उघडत म्हणाले, “पण पोरांना दिसायच्या का?”

सरांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

मग नव्या बाईंनी शाळेच्या पेजवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. दर शनिवारी एक छोटं आव्हान: एका पायावर किती वेळ उभं राहता, भिंतीला पाठ टेकून खुर्चीशिवाय किती वेळ बसता येतं, एका मिनिटात दोरीवरच्या उड्या किती. घरच्यांनीही भाग घ्यायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. सर रोज ते पेज उघडून आकडे बघायचे. दोनशे लाइक. साडेतीनशे. खाली पालकांच्या कमेंट: ‘बाई, तुमच्यामुळं आमचा मुलगा सोफ्यावरून उठला!’ चोवीस वर्षं त्या मुलांच्या काकांना, आत्यांना आणि काहींच्या तर बापांनाही सरांनी सोफ्यावरून उठवलं होतं. तेव्हा कुणी चिठ्ठीसुद्धा पाठवली नव्हती.

पण खरा घाव बसला तो दोरीच्या उड्यांच्या शनिवारी. सर दुपारी पेज चाळत होते, आणि एका व्हिडिओत त्यांना ओळखीचा पडदा दिसला. मग ओळखीची खुर्ची. मग दोरीवर उड्या मारणारी, पदर खोचलेली, धापा टाकत हसणारी त्यांची स्वतःची बायको. एका मिनिटात एकतीस. चारशे बारा लाइक.

“अगं, हे काय?” सर फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

“काय म्हणजे? भाग घेतला.”

“मी इतकी वर्षं सांगतोय, व्यायाम कर, व्यायाम कर...”

“तुम्ही सांगत नव्हता, ओरडत होता,” ती कणीक मळत म्हणाली. “त्या बाईंनी नुसतं विचारलं.”

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथं, बाल्कनीत बसून, त्यांनी एक नवं अकाउंट उघडलं. नाव ठेवलं ‘मैदानप्रेमी’. आणि त्या व्हिडिओखाली लिहिलं: ‘व्यायाम म्हणजे करमणूक नव्हे. मैदानावर शिस्त हवी, मोबाईल नव्हे.’ दहा मिनिटांत खाली उत्तर आलं. बायकोचंच. ‘मैदानप्रेमी, तुमचे गुडघे कसे आहेत?’

सरांना त्याचा अर्थ लागला नाही. गुडघे दुखतच होते, पण मैदानप्रेमीचेही दुखतात हे तिला कळायचं काय कारण?

सोमवारी ते थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. “मॅडम, मुलांचे व्हिडिओ काढून असे जगासमोर टाकतात. पालकांची लेखी परवानगी कुठं आहे?”

बोलताना सरांना आपण फार थोर कारणासाठी आलोय असं वाटत होतं. आणि मुद्दा तर खरोखरच बरोबर होता. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. “हे माझ्या लक्षातच आलं नाही. आजपासून व्हिडिओ बंद. परवानगीचे फॉर्म निघू देत. आणि सर, ते काम तुम्हीच करा. तुमच्याइतकं काळजीनं कुणी करणार नाही.”

सर बाहेर आले ते जिंकून आणि अडकून.

टॅब कपाटात गेला. नव्या बाई फक्त म्हणाल्या, “सर, तुमचं बरोबर आहे. मी आधीच विचारायला हवं होतं.” बाईंनी भांडण केलं असतं तर सरांना जरा हलकं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी त्यांच्याकडं आली. उंच, हडकुळी, मैत्रिणी तिला काडी म्हणत. गेली दोन वर्षं ती लांब उडीत मागं पडत होती, आणि गेली दोन वर्षं सर तिला एकच सांगत होते.

“सर, आता तुम्हीच बघा ना. कुठं चुकतंय?”

“शेवटचं पाऊल लांब टाक. किती वेळा सांगितलं?”

काडी घुटमळली. “पण सर, व्हिडिओत तर त्यानंच अडतंय. टाच आधी पडते आणि मी थांबते. बाईंनी शेवटचं पाऊल आखूड घ्यायला सांगितलं होतं.”

“बाईंनी सांगितलं होतं!” सर म्हणाले, आणि ते इतक्या जोरात म्हणाले की काडी दोन पावलं मागं सरली.

फॉर्म गोळा होऊ लागले. तीनशे बारा. सरांनी एकेक तपासला. नकार आले अवघे सात. बाकीच्यांवर सही, आणि सहीशेजारी पालकांनी आपणहून काय काय लिहिलेलं. काडीच्या आईनं लिहिलं होतं: ‘परवानगी आहे. खेळाचा तास असला की मुलगी दोन वर्षं रडत घरी यायची. आता येत नाही. कृपया व्हिडिओ लवकर सुरू करावेत.’

तो कागद सरांनी गठ्ठ्याच्या तळाशी सारला. मग पुन्हा वर काढला. मग उठून नव्या बाईंकडं गेले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, “त्या काडीचा जुना व्हिडिओ आहे का?”

बाईंनी टॅब काढला. सरांनी तो व्हिडिओ नऊ वेळा बघितला. काडी पळत येते, शेवटचं पाऊल सर सांगतात तसं लांब फेकते, टाच फळीवर आदळते, आणि सगळा वेग जमिनीत जिरतो. अगदी स्वच्छ दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांना दोन वर्षं दिसलं नव्हतं. त्याहून जिव्हारी लागलं ते हे, की बाईंना पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं आणि सरांची चूक त्यांनी कुणापुढं बोलून दाखवली नव्हती.

घरी आल्यावर ते बायकोसमोर बसले. “एक सांगायचंय. तो मैदानप्रेमी...”

“तुम्ही आहात. माहितीये.”

“कसं?”

“‘नव्हे’ कोण लिहितं हो आता? एका कमेंटमध्ये दोनदा!” ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “त्या बाईंना जाऊन सांगा.”

सरांनी सांगितलं नाही. ते त्यांना कधीच जमलं नाही. त्यांनी अकाउंट बंद केलं, फॉर्मचा गठ्ठा वर्गवार लावून, सात नकारांची वेगळी यादी करून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हे सात कॅमेऱ्यासमोर नकोत. बाकी सुरू करा. आणि हा टॅब कसा धरायचा ते मला दाखवा.”

पहिल्या दिवशी त्यांच्या व्हिडिओत फक्त आकाश आणि स्वतःचा अंगठा आला. पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची डोकी कापली गेली. बाई मात्र हसल्या नाहीत, आणि सरांना त्याचाही राग आला. राग जात नव्हताच. पेजवर बाईंची वाहवा दिसली की ते अजूनही फोन पालथा घालत. पण ते शिकत राहिले.

आंतरशालेय स्पर्धेच्या दिवशी बाई रिलेच्या मुलींबरोबर पलीकडे होत्या, म्हणून टॅब सरांकडं आला. काडी पळाली, शेवटचं पाऊल आखूड पडलं आणि ती वाळूत पार पुढं जाऊन पडली. नंबर चौथा. तिची आजवरची सगळ्यात लांब उडी. ती बक्षिसाच्या टेबलाकडं गेली नाही, बाईंनाही शोधायला गेली नाही. टॅब ज्याच्या हातात होता त्याच्याकडं, म्हणजे सरांकडं, धावत आली.

“सर, आलं का? दाखवा ना!”

सरांनी दाखवलं. दोन डोकी त्या काचेवर वाकली. मग सर म्हणाले, “हे बघ, तुला मी दोन वर्षं चुकीचं सांगत होतो.”

“हो का?” काडीचं लक्ष नव्हतं. अंगावरची वाळू सरांच्या बुटांवर सांडत ती म्हणाली, “सर, जरा मागं घ्या ना. पाय परत बघू.”