देवाची गोळी

"मॅडम, रिपोर्ट पोरीच्या हातात देऊ नका. माझ्याकडं द्या," सर म्हणाले.

मी हातमोजे काढत होते. पडद्याच्या पलीकडं अश्विनी खाटेवर बसली होती आणि तिला आमचं सगळं ऐकू येत होतं.

सर पोलीस भरतीची अकॅडमी चालवतात. पहाटे मुलींना पळवायचं, दुपारी गणित आणि जीके शिकवायचं. मुली आसपासच्या खेड्यांतल्या, तिथंच होस्टेलला राहणाऱ्या. अश्विनी लिंबागणेशकडची. वीस वर्षांची, आठशे मीटरला सगळ्यांच्या पुढं असणारी. तिची पाळी काही महिन्यांपासून बिघडली होती. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांतच परत, कधी नुसते डाग. त्यात खाली खाज. मलम लावलं की जायची, आठवड्यात परत यायची. त्या दिवशी पळता पळता ती मध्येच खाली बसली. मैत्रिणीनं रेक्टरबाईंना सांगितलं, रेक्टरबाईंनी सरांना सांगितलं आणि सरांनी एकच अर्थ काढला.

"पोट असंल तर आजच घरी सोडतो," ते म्हणाले.

"आणि नसेल तर?"

"तरीबी सोडतो. सगळीकडं कुजबूज झाली. बाकीच्या पोरींचे बाप उद्या मला विचारतील."

घरी सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी स्थळ तयार होतं. या भरतीपुरतं थांबायला बाप कसाबसा तयार झाला होता. अशी कुजबूज पाठीवर घेऊन पोरगी घरी गेली असती, तर महिनाभरात हळद लागली असती.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण लोक नंतर विचारतात. बीएस्सी नर्सिंग केलंय. माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली आणि डिग्रीचं सर्टिफिकेट मी उपकेंद्राच्या भिंतीवर लावलंय. कुणाला हसायचं असेल तर हसू दे.

सरांना म्हणाले, "रिपोर्ट तिचा आहे. ती सज्ञान आहे. तिनं सांगितलं तर तुम्हाला कळेल. तोवर बाहेर बाकावर बसा."

ते बसले. चहा मागवला, तो तसाच गार झाला.

लघवीतून गर्भ तपासायची पट्टी असते. ती निगेटिव्ह आली. मी आत जाऊन अश्विनीला हळूच सांगितलं. तिला आनंद झाला नाही.

"मला ठावंच होतं. मग तुमी कावून तपासलं?"

प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितलं, पाळी चुकली की हे पहिलं बाजूला काढावंच लागतं, त्याशिवाय पुढचं कारण शोधता येत नाही. माझी पाळी चुकली असती तरी हेच तपासलं असतं. मग ती जरा सैल झाली.

खाजेचं कारण लवकर सापडलं. आतले कपडे कुठं वाळवते, असं विचारलं तर ती म्हणाली, खाटेखाली दोरीवर, वरून ओढणी टाकून. गच्चीवर मनाई होती, कारण समोरच्या बिल्डिंगमध्ये मुलं राहायची. कपडे पहाटेपर्यंत ओलसरच राहायचे. तेच घालायचे, वरून घट्ट ट्रॅकपँट, पळून घाम, आणि त्याच कपड्यांत दुपारपर्यंत क्लास. बुरशीला अशी ओल आणि ऊब लई आवडते. वरून खोलीतल्या सगळ्यांत मिळून मलमाची एकच ट्यूब. मी ती मागवून घेतली. त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, दोन दिवस बरं वाटतं, बुरशी मात्र आत वाढत राहते.

"मॅडम, म्या दोनदा आंघोळ करते," ती खाली बघत म्हणाली. "जखमंला वापरायचं औषध टाकून धुते. तरीबी घाणच राहती."

मी तिला सांगितलं की तू घाण नाहीस, जास्त धुऊन कातडी सोलवटलीय. हे वाक्य मी महिन्यातून कितीतरी मुलींना सांगते. त्यांना खाज म्हणजे आपल्या वागणुकीचा दाखला वाटतो.

पाळीचं मात्र कोडं सुटेना. रक्त कमी होतं. साखर ठीक होती. रात्रीची ती एकच भाकरी खायची, वजन वाढू नये म्हणून. एवढं पळून इतकं कमी खाल्लं की पाळी थांबू शकते. पण अशी पुढं-मागं उड्या मारत नाही. मी गोळ्या-औषधांचं विचारलं. न्हाई म्हणाली. ताकदीची पावडर? न्हाई. इंजेक्शन? आईची शपथ, न्हाई.

दुपारी आई आली. सरांनी परस्पर फोन केला होता. बाई तालुक्यापासून वडापच्या जीपनं आलेली, घाबरून तोंड वाळलेलं. मी खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"मॅडम, माझी लेक तसली न्हाई वो. देवाधर्माचं सगळं पाळती. गौरीला अडचण येती म्हणून गोळी घेती, पर पूजंला बसतीच. इटाळ कदी घरात कालवला न्हाई."

मी आईकडं बघितलं, मग अश्विनीकडं.

"अश्विनी, ती गोळी होस्टेलला पण घेतेस का?"

"व्हय." ती सहज म्हणाली. "पर ते औषध न्हाई ना मॅडम. ती देवाची गोळी हाय."

मग सगळं बाहेर आलं. अकॅडमीत दर रविवारी वेळ लावून ट्रायल व्हायची. त्या दिवशी जी पळली नाही, ती खालच्या बॅचला. म्हणून रविवार जवळ आला आणि पाळीची शंका वाटली की गोळी सुरू. रविवार झाला की बंद. बंद केली की अंगावर जायला लागायचं, तोवर पुढचा रविवार. परत गोळी. खोलीतल्या बहुतेक सगळ्याच घ्यायच्या. मोठ्या मुली बीडहून पाकिटं आणायच्या.

ही गोळी म्हणजे हार्मोन. पाळी पुढं ढकलायला डॉक्टर ती देतात, पण विचारपूस करून आणि क्वचित कधीतरी. दर आठवड्याला चालू-बंद केली, तर महिना संपला का चालू आहे, हे शरीराला कळणार कसं?

मी एकटीनं काही ठरवलं नाही. उपकेंद्रात व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवायची सोय आहे. तिकडच्या डॉक्टर मॅडमनी गोळी आणि मलम दोन्ही बंद करायला सांगितलं, बुरशीचं औषध दिलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी आणि थायरॉइडसाठी बीडला पाठवायला सांगितलं.

अश्विनीला विचारून मी सरांना आत बोलावलं आणि सांगितलं.

"म्या एकाबी पोरीला गोळी घे म्हणलो न्हाई," सर म्हणाले.

"नाही म्हणालात. पळली नाही तर खालच्या बॅचला टाकता, एवढंच."

"भरतीवाले पाळी बघून तारीख देत न्हाईत, मॅडम."

"खरंय. मग पाळीत पळायची सवय लावा. जिला त्या दिवशी जमत नाही, तिची ट्रायल बुधवारी घ्या. आणि कपडे गच्चीवर उन्हात वाळू द्या."

"गच्चीवर? समोर पोरं राहतात."

"मग पोरांच्या खिडक्यांना पडदे लावा."

सर उठले. आईला म्हणाले की सध्या घेऊन जा, बरी झाली की बघू. मला वाटलं, गेलं सगळं. आई मात्र जागची हलली नाही.

"सर, लेक आजारी हाय म्हणून नेऊ, का वंगाळ हाय म्हणून? गावात इचारतील. तुमी आदी सांगा, म्या काय सांगू."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या पट्ट्या आवरत बसले. प्रश्न त्यांना विचारला होता, उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

"रक्त कमी हाय म्हणून सांगा," ते शेवटी म्हणाले. "आन राहू द्या इथंच."

आईनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. रक्त कमी हाय, गोळ्या दिल्यात, एवढंच बोलली आणि ठेवला.

बीडच्या तपासण्या चांगल्या आल्या. खाज काही आठवड्यांत गेली. पावसाळ्यात एकदा परत आली, तेव्हा अश्विनी स्वतःच आली, कुणाला सोबत न घेता. पाळी लायनीवर यायला बरेच महिने लागले. गच्चीवर तार लागली. सरांनी तिच्याभोवती हिरवी जाळी इतकी दाट बांधली की ऊन येईना, म्हणून मुलींनी वरची बाजू कापून टाकली. सरांना ते दिसलं, त्यांनी जाळी तशीच राहू दिली. ट्रायल बुधवारी पण होते.

भरतीच्या ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवशी अश्विनीला पाळी आली होती. पळाली, चांगले मार्क पडले. राहिली ती लेखीला, गणितात. बापानं स्थळाला अजून एक वर्ष थांबायला सांगितलं. स्थळ थांबलं नाही. बरं झालं. ती आता परत अकॅडमीत आहे आणि सध्या गणिताचा क्लास जास्त करते.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, पेशंटला विचारायचं, कुठलं औषध चालू आहे का. आता मी तसं विचारत नाही. मी म्हणते, देवासाठी, सरांसाठी, मैत्रिणीनं दिलं म्हणून, जे जे गिळलंस ते सगळं सांग. वेळ जास्त लागतो. बाहेर लाइन वाढते, लोक कुरकुर करतात. करू देत.