वजनाची अट शिथिल करणेबाबत

जनार्दनशेठ गेल्याचा फोन मला कचेरीच्या वेळेत आला. समोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शिधापत्रिकेतील नावाच्या दुरुस्तीचा अर्ज अर्ध्यावर आला होता. फोनवर मथुरावहिनी होत्या, म्हणजे शेठांच्या पत्नी. आवाज स्थिर होता. म्हणाल्या, "भाऊ, शेठ गेले... हातातला कागद पुरा करा नि मंग या. घाई करू नका." मी तसेच केले. अर्ज पूर्ण केला, गृहस्थांना वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि टेबल आवरून शेठांच्या गावी, विचुंब्याला गेलो. या गोष्टीस आता सात आठवडे झाले.

हा लेख लिहिण्यास कारण घडले ते दहाव्या दिवशी. नदीकाठी विधी आटोपल्यावर मंडळी झाडाखाली बसली होती. शेठांच्या नात्यातील एक जाणते गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आदी आंग घालवलान, मंग किडनी घालवलान. मानूस ऱ्हायल कसा?" चारचौघांनी माना डोलावल्या. मी त्या ठिकाणी काही बोललो नाही, कारण सुतकाच्या जागी वाद घालणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु ज्या वस्तुस्थितीचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे ती योग्य शब्दांत नमूद करणे हे माझे कर्तव्य ठरते. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आहे. कोणती गोष्ट कागदावर राहते आणि कोणती हवेत विरते याची मला पुरेशी जाण आहे.

शेठांची व माझी ओळख अशाच एका अर्जातून झाली. विचुंब्यातील त्यांची शेती एकेक करून इमारतींखाली गेली आणि त्या व्यवहारांचे सर्व कागद माझ्या हातून लिहिले गेले. पूर्वी भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकणारा हा माणूस पुढे स्वतःच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या खाली, दुकानासमोर खुर्ची टाकून बसू लागला. काम संपले, पण ताट तेच राहिले. शेतात राबणाऱ्याला लागणारा भात बसून राहणाऱ्यालाही त्याच मापाने वाढला जात होता. वर कोलंबीचे कालवण, तळलेले बोंबील आणि दुपारची भरपूर झोप. पन्नाशी ओलांडेपर्यंत ते एकशे सहा किलोंवर पोहोचले. त्याची त्यांना खंत नव्हती. उलट माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसताना शेजारच्याला म्हणत, "जरा सरका पाव्हनं, यक मानूस नाय, दोन बसतान."

अशात वहिनींची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. मूत्रपिंड कोण देऊ शकेल हे पाहण्यासाठी घरातील सर्वांच्या तपासण्या झाल्या. मुलीचा रक्तगट जुळत नव्हता, दिराला मधुमेह होता. जुळले ते फक्त शेठांचे. नवी मुंबईतील ज्या रुग्णालयात उपचार चालू होते, तेथील डॉक्टरांनी मात्र सांगितले की इतक्या वजनाच्या माणसाची शस्त्रक्रिया ते करणार नाहीत. साखरही सीमेवर आहे. वजन पंच्याऐंशीच्या खाली आणि साखर आटोक्यात आली, तरच दाता म्हणून त्यांचा विचार होईल. शेठ तेथून थेट माझ्याकडे आले. बाकड्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "रायटर, यक अर्ज लिव्हा."

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. सव्वीस वर्षांत मी असे पाहिले आहे की सरकारी कामात अट म्हणजे शेवट नसतो. वयाची अट असो, मुदतीची असो, कारणे सबळ असतील आणि भाषा योग्य असेल तर ती शिथिल होते. मी दीड पानी अर्ज लिहिला. विषय घातला : "वजनाची अट विशेष बाब म्हणून शिथिल करणेबाबत." अर्जदार हा कष्टकरी कुटुंबातील असून त्याचे वजन वंशपरंपरागत आहे, तो निर्व्यसनी आहे, अर्जदाराच्या पत्नीची प्रकृती दिवसेंदिवस खालावत आहे, सबब सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. सोबत सरपंचांचे शिफारसपत्र जोडले. असा अर्ज मी पूर्वी कधी लिहिला नव्हता आणि, खरे सांगायचे तर, तो मला फार चांगला वाटला. डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या तीन आठवड्यांत शेठ निश्चिंत होते. कुणी विचारले की सांगत, "रायटरनी अर्ज केलाय, व्हईल काम." आणि नेहमीसारखे जेवत.

डॉक्टरांनी अर्ज पूर्ण वाचला. शिफारसपत्रही वाचले. मग घडी करून माझ्या हातात परत देत म्हणाले, "लिहिलंय उत्तम. पण ही अट मी घातलेली नाही, त्यामुळे मला ती काढता येत नाही." नर्सने शेठांना काट्यावर उभे केले. एकशे आठ. दोन किलो वाढले होते. त्याच आठवड्यात वहिनींच्या फुप्फुसांत पाणी झाले आणि त्यांना चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्या विभागाबाहेरच्या खुर्चीवर शेठ माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "रायटर, आपुन तीन हफ्ते खाल्ले." ते 'आपण' म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले नाहीत... ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्यानंतर जे झाले ते अगदी साधे होते. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी शेठांना समोर बसवून दिवसभरात काय काय खाता हे विचारले आणि ती यादी ऐकून त्या जराही दचकल्या नाहीत. उपास करायचा नाही, लिंबूपाण्यावर राहायचे नाही, महिन्यात दहा किलो घालवून देतो म्हणणाऱ्याच्या पावडरी घ्यायच्या नाहीत. भात बंद नाही, निम्मा. त्या निम्म्याच्या जागी भाजी आणि कोशिंबीर. मासळी हवी तर खा, पण तळलेली नको, कालवणातली खा. भाकरी तांदळाऐवजी नाचणीची. रात्रीचे जेवण आठच्या आत. आणि रोज चालायचे, प्रथम वीस मिनिटे, पुढे हळूहळू वाढवायचे. शेठांनी विचारले, "यवढंच?" बाई म्हणाल्या, "एवढंच. पण रोज." बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "यवढंच म्हनली, म्हंजे लय कठीन हाय."

चालण्यासाठी वडाळे तलाव ठरला. माझे घर जवळच असल्याने आणि चुकीची भरपाई म्हणूनही मी रोज सकाळी सहाला तेथे हजर राहू लागलो. शेठ विचुंब्याहून रिक्षाने येत. पहिल्या दिवशी तलावाची अर्धी फेरी झाली आणि ते कठड्यावर बसले. दुसऱ्या दिवशीही अर्धीच. पंधरा दिवसांनी पूर्ण झाली. चौथ्या महिन्यात आम्ही तीन फेऱ्या घालत होतो आणि तेव्हा मीच मागे पडत होतो. वजन फक्त सोमवारी करायचे, असा नियम त्यांनी स्वतः घातला. रोज काट्यावर चढले की मन त्या काट्याबरोबर वरखाली होते, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सकारात्मक विचारांबद्दल पुष्कळ सांगत असे, कारण त्या विषयावरचे माझे वाचन आहे. ते ऐकून घेत आणि म्हणत, "रायटर, बोलताना चाल कमी व्हते तुमची."

खरी परीक्षा आली ती वैशाखात. आमच्याकडील गावांत लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद म्हणजे काय असते, हे येथील वाचकांस सांगणे नको. मटणाची पातेली, तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, आणि जो जेवणार नाही त्याने अपमान केला असे धरले जाते. शेठांसारख्या माणसाला एकेका आठवड्यात चार चार आमंत्रणे. न जावे तर नाती तुटतात, जावे तर वजन जात नाही. पुतण्याच्या हळदीला ते घरून नाचणीची भाकरी आणि भाजी खाऊन निघाले. पंगतीत बसताच तरुण पोरांनी घेरले. एकजण म्हणाला, "काय काका, डॉक्टरनी तोंडाला टाळा लावला काय?" शेठ म्हणाले, "तोंडाला नाय रं, तोंड चालूच हाय. ताटाला लावलाय." हशा झाला, पण वाढणारा पातेले घेऊन उभाच होता. तेव्हा शेठ पंगतीतून उठले, त्याच्या हातातला डाव घेतला, पंचा कमरेला बांधला आणि स्वतः वाढू लागले. दोन तास त्यांनी पंगती वाढल्या. "अरं घे, लाजतोस काय?" म्हणत सगळ्यांना आग्रह केला. वाढणाऱ्याला तू का जेवत नाहीस, असे कुणीही विचारत नाही, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. त्या मोसमात त्यांनी अकरा हळदी वाढल्या. गावात नाव झाले की शेठ फार साधे झाले, मोठेपणा राहिला नाही. मला खरे कारण ठाऊक होते. नंतर मात्र वाटू लागले की लोक म्हणत होते तेही खोटे नव्हते.

एक्क्याण्णवला काटा अडला. पाच सोमवार तोच आकडा. सहाव्या सोमवारी शेठ तलावावर आले नाहीत. मी घरी गेलो तर ते ओटीवर बसले होते, समोर भाताचे ताट, आणि ताट जुन्या मापाचे. मी काही बोलण्याआधी आतून वहिनी आल्या. डायलिसिसहून आलेल्या, चेहरा सुजलेला. म्हणाल्या, "जेवू द्या भाऊ. यक दिस जास्त जेवले म्हनून मी मरत नाय, नि यक दिस उपाशी ऱ्हायले म्हनून जगत नाय." मग नवऱ्याकडे वळून, "जेवा नि झोपा. उद्या जावा तलावावर. बायकोपायी बारीक व्हनारा विचुंब्यातला पयला गडी तुमी, आनि आता थांबलात तर पोरं हसतील." शेठांनी अर्धा भात खाल्ला आणि उरलेला बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी ते सहाला पाच मिनिटे असताना तलावावर होते. सकारात्मक दृष्टिकोन म्हणून ज्याला म्हणतात, त्याचे याहून नेमके उदाहरण मला माझ्या वाचनात आढळलेले नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी चालण्यात थोडा चढ घालायला सांगितला, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिला, आणि दोन आठवड्यांनी काटा हलला.

अकराव्या महिन्यात ते चौऱ्याऐंशीवर आले. साखर आटोक्यात होती. सर्व प्रतिज्ञापत्रे, विवाहाचा दाखला, संमतीपत्र मी तयार केले आणि या वेळी कोणतीही अट शिथिल करण्याची विनंती त्यांत नव्हती. रुग्णालयाच्या समितीपुढे शेठांना विचारण्यात आले, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" शेठ म्हणाले, "हाय ना. या रायटरचा. रोज सकाळी हजेरी घेतो." समितीतील बाईंनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिले आणि ते विधान विनोदाने केलेले आहे, असा खुलासा मला करावा लागला. शस्त्रक्रिया दोघांच्याही बाबतीत सुरळीत पार पडली.

त्यानंतर चार वर्षे शेठ त्याच वजनाच्या आसपास राहिले, नियमित चालले, त्यांचे एक मूत्रपिंड व्यवस्थित काम करत राहिले. मागच्या हिवाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि तपासात स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांना मी स्वतः विचारले की आहारामुळे किंवा दानामुळे हे झाले का. त्यांनी स्पष्ट सांगितले, नाही. ज्यांनी नदीकाठी माना डोलावल्या, त्यांच्या माहितीसाठी मी हे लिहीत आहे. दोन महिन्यांत शेठ साठ किलोंवर आले. एकदा एक ओळखीचा माणूस त्यांना म्हणाला, "शेठ, आनखी उतरवलात की!" तो गेल्यावर शेठ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "रायटर, ह्या वजनाला आमचं नाव लावू नका. चौऱ्याऐंशीपर्यंत आनलं ते आमी. पुढचं आमचं नाय."

गेल्या मंगळवारी वहिनी वारस नोंदीच्या अर्जासाठी माझ्या टेबलाशी आल्या. मयताचे नाव लिहिले. अर्जदाराचे मयताशी नाते या रकान्यात 'पत्नी' लिहिले... शेठ अकरा महिने ज्याच्यासाठी चालले, तो अर्जदार समोर बसून पेनाने सही करत होता. अर्ज दाखल करायचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पाच वर्षांपूर्वी याच बाई रुग्णालयाच्या चार पायऱ्यांवर दोनदा थांबत. आता फाइल काखेत धरून त्या पुढे निघाल्या. शेठांच्या आजारपणापासून माझे चालणे सुटले आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला कठडा धरून उभे राहावे लागले. वरून त्यांनी वाकून पाहिले.

"काय भाऊ, तलाव सोडलात वाटतं?"

मी हातानेच खूण केली, तुम्ही पुढे व्हा.

"सावकाश या. मी तवर नंबर लावते," त्या म्हणाल्या आणि उरलेला मजला न थांबता चढून गेल्या.