देवकाबाईंची लाल खुर्ची

देवकाबाईंच्या खेळाला पडदा नसे. प्लास्टिकची एक लाल खुर्ची त्या मांडवाच्या मधोमध ठेवत, पदर खोचत आणि समोरच्या लोकांनाच विचारत, "बोला, आज कोनाची गोष्ट?"

कोणीतरी लाजत उठायचं, खुर्चीत बसून आपल्या आयुष्यातलं काही सांगायचं. बाई आणि मंडळीतली पोरंपोरी ते तिथल्या तिथे नाचून, बोलून दाखवत. ना संहिता, ना तालीम. मी ढोलकीवर, पुढचा ठेका मला कळे तो बाईंचे पाय बघून. शेवटी बाई सांगणाऱ्याला विचारत, "असंच झालं होतं न?" तो 'नाई' म्हणाला, की निमूट पुन्हा करत. भद्रावतीला एका म्हातारीनं रुसलेल्या सुनेची गोष्ट तीनदा करून घेतली, तेव्हा मी वैतागलो.

"काऊन तोंड वाकडं करून राह्यला?" बाई म्हणाल्या. "गोष्ट तिची हाये. आपले फक्त पाय."

बाई मूळच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत नाचणाऱ्या. त्यापायी तरुणपणीच घर सुटलं आणि भावाचं दार कायमचं बंद झालं. भाऊबीजेला त्या आम्हा वादकांना ओवाळत. "मले भावांची काय कमी?" असंही म्हणत. त्या दिवशी भाजीत मीठ मात्र हमखास जास्त पडे.

एका दिवाळीनंतर त्यांच्या माहेरगावच्या मंडईचं, म्हणजे तिथल्या जत्रेचं, बोलावणं आलं. नागभीडकडचं गाव. दुपारी खुर्ची मांडली, प्रश्न विचारला, आणि उठले ते शालिकभाऊ, बाईंचे थोरले बंधू.

"आमची बहीन नाटकात गेली," ते मान खाली घालून म्हणाले. "ते गेली, अन् म्या दार लावून घेतलं. बस, एवढीच गोष्ट."

मला वाटलं, आता खेळ मोडतो. पण बाईंनी बहिणीचं काम एका पोरीला दिलं आणि भावाचं स्वतः घेतलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पाय दणदण आपटत त्या नाचल्या. दार ओढलं आणि एवढ्या वर्षांच्या रागानं कडी घातली. मग धापा टाकत विचारलं, "असंच झालं होतं न, भाऊ?"

"नाई."

शालिकभाऊंनी मान वर केली.

"दार लावलं होतं. कडी नोती लावली. एकही रात नाई लावली. तू वापस आली असती त कुठी गेली असती?"

बाईंनी डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "वाजव. पुन्हा करू."

या वेळी त्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. मग मात्र त्या अशा नाचल्या की काय सांगू! बाया रडतही होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या. माझा ठेका चुकला, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी बाईंनी माहेरचं दार स्वतःच्या हातानं ढकललं. भाऊबीज उलटून गेली होती, तरी पाट मांडला गेला. ओवाळून झाल्यावर शालिकभाऊंनी ताटात साडी ठेवली आणि ओल्या डोळ्यांनी हसत विचारलं, "आता त असंच झालं न, देवके?"

बाईंनी साडी छातीशी धरली.

"नाई भाऊ, जमलं नाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या दिवाळीले पुन्हा कर."